बुरशीला घाम फुटतो

४ तारीख, मंगळवार

शेवटी आणून टाकलंच मला इस्पितळात. खोकला काय लोकांना होत नाही? पण सूनबाईला निमित्त हवं होतं. सकाळी गच्चीवर कबुतरांच्या ढाबळीत खत चाळत होते, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून जरा खाली बसले. तेवढ्यावरून हिने गाडी बोलावली. चिरंजीव माझी पिशवी घेऊन मागे मागे. तोंड असं केलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, भरती त्यालाच करायचंय.

ही डायरी औषधवाल्याने दिलेली. दर वर्षी देतो, दर वर्षी कोरी राहते. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर जसं उमटेल तसं. इथे पडून करायला काही नाही, आणि कोण कधी काय वागलं ते पुढे माझ्या लक्षात राहत नाही. भांडताना पुरावा हाताशी असलेला बरा.

खाट खिडकीशी मिळाली. खिडकी उघडत नाही.

५ तारीख, बुधवार

रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, पाठीवर टकटक केली. नर्सच्या बुटांचा आवाज असा की तीन खोल्या आधी कळतं बाई येतेय. मी तिचं नाव करकर ठेवलं. तिला ते आवडलेलं नाही. तिने मला विचारल्याशिवाय माझी वेणी सोडली, ते मला आवडलेलं नाही. फिट्टंफाट.

डॉक्टरीणबाई सूनबाईच्याच वयाची. हातात सतत काहीतरी लिहायचं घेऊन येते. घरात पक्षी आहेत का, विचारलं. आहेत म्हटलं. किती वर्षं? ह्यांच्या वेळेपासून. ह्यांना कबुतरांचा शौक होता. हे गेले, कबुतरं राहिली. मला त्यांचं काडीचं कौतुक नाही. मंद जात. पण त्यांची शीट वाळली की फोडायची, चाळायची, पोती भरायची आणि रोपवाटिकावाल्याला द्यायची, हा माझा धंदा. जितकं बारीक तितकं तो खूश. ओली शीट चाळणीत बसते, म्हणून खडखडीत वाळवूनच घ्यायची. दार-खिडकी लावून चाळायची, नाहीतर अर्धा माल वाऱ्यावर. ह्यात मी कुणापुढे हात पसरत नाही, हेच सूनबाईला खुपतं.

डॉक्टरीणबाईने विचारलं, दार लावून? मी म्हटलं, मग काय उघडं टाकून? तिने ते लिहून घेतलं. खत चाळायला शिकायचं असेल.

मग विचारलं, कुठली औषधं चालू आहेत. म्हटलं, एकही नाही. हे खरंच आहे. मी औषधं खाणारी बाई नव्हे.

७ तारीख, शुक्रवार

निदान झालं. माझ्या छातीत बुरशी आहे.

मी विचारलं, ओल्या चपलेला येते ती? बाई म्हणाली, तिची लांबची बहीण समजा. ही कबुतरांच्या शिटेत राहते, धुळीबरोबर नाकातून आत जाते. बहुतेकांच्या शरीराला ती आवरता येते, तुमच्या शरीराला आवरली नाही. आता ती रक्तातही उतरली आहे.

सूनबाई पायथ्याशी उभी होती. बोलली काही नाही. पण मी तिची सासू आहे, मला न बोललेलंही ऐकू येतं. किती वर्षं ती म्हणत होती, आई, ते खत बंद करा, सगळ्या घरभर धूळ होते. आता तिच्या मनासारखं झालं. तिच्या बाजूने प्रत्यक्ष बुरशी साक्षीला आली.

चिरंजीव म्हणाला, आई, तू काळजी करू नकोस. हे वाक्य तो लहानपणापासून म्हणतो आणि मग बाहेर जाऊन चहा पितो. आजही गेला.

८ तारीख, शनिवार

बुरशीचं औषध नळीतून सोडतात. त्याने अशी हुडहुडी भरते की खाट चालायला लागेल असं वाटलं. करकरने दोन पांघरुणं घातली आणि माझे पाय दाबून धरले. मी तिला चार शब्द सुनावले. तिने मलाही दोन सुनावले. पाय मात्र सोडले नाहीत.

दुपारी ताप चढला. मी पिशवीतली माझी सांध्याची गोळी घेतली. तासाभरात अंग हलकं. डॉक्टरीणबाई आली, ताप बघितला, म्हणाली, छान, औषध लागू पडतंय. तिला वाटतंय तर वाटू दे. कुणाचं श्रेय कशाला काढून घ्या.

१० तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाईला आज वेळ होता. मी विचारलं, माझं एवढं रक्त नेता ते करता काय? ती स्टुलावर बसली. बसून बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

ती म्हणाली, ही बुरशी बाहेर गारव्यात वाढलेली. अंगात शिरली की अंगाची ऊब तिला सोसत नाही. आतून तिचं सगळं विस्कटायला लागतं. मग ती स्वतःला सावरायला एक प्रथिन बनवते. तापाने बनतं, म्हणून आपण त्याला तापाचं प्रथिन म्हणू. त्याच्यावर ती तगून राहते, पण तेच तिचं उघडं पडण्याचं ठिकाणही असतं. शरीराचे पहारेकरी ते प्रथिन ओळखू शकतात आणि बुरशीला धरू शकतात. कुणाच्या रक्तात ही ओळख आहे, कुणाच्या नाही, आणि त्याने बरं होण्यात किती फरक पडतो, ते आम्ही तपासतोय. उद्या कदाचित त्यावरून लसही करता येईल. अजून ठरलेलं काही नाही.

मी म्हटलं, म्हणजे चोर भिंत चढून आला, त्याला घाम फुटला, आणि घामाच्या वासावर कुत्र्याने धरला.

ती हसली. म्हणाली, आजी, हे मी वापरू का? म्हटलं, वापर, पण मग माझ्या कुत्र्याचं सांग.

तुमचं कुत्रं भुंकत नाहीये, ती म्हणाली. बुरशी आहे, घाम आहे, पण तुमच्या रक्तात त्याची ओळख जवळजवळ नाहीच. आणखी एक अडचण असते. तसंच एक प्रथिन आपल्या स्वतःच्या शरीरातही असतं. तोंडवळा सारखा. आपलं कोण आणि परकं कोण, हे पहारेकऱ्याला बारकाईने बघावं लागतं.

मी म्हटलं, तेवढं मला बरोबर कळतं. घरात कोण आपलं आणि कोण परकं, हे मी बूट काढायच्या पद्धतीवरून सांगते.

११ तारीख, मंगळवार

चिरंजिवाच्या तोंडून निसटलं. ढाबळ रिकामी करताहेत. कबुतरं सूनबाईने कुणा शौकिनाला देऊन टाकली. आता ती स्वतः गच्चीवर जाऊन खत भिजवते आणि ओल्याचे गोळे पिशव्यांत भरून टाकून देते. तोंडाला फडकं, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. म्हणे डॉक्टरांनी ओलं करूनच काढायला सांगितलंय.

भिजवलं! दोन महिन्यांचा वाळवलेला माल.

मी इथे नळीला बांधलेली, आणि तिने तिथे माझं राज्य खालसा केलं. मला कळत नाही असं तिला वाटतं. तिला गच्ची हवीय कपडे वाळत घालायला. माझी खोलीही रिकामी करून चुना लावलाय, गादी फेकली. माझी गादी! चिरंजीव म्हणाला, आई, गादीत सगळी धूळ होती गं. मी म्हटलं, तुझं बालपण त्या धुळीत गेलं, तुला काय झालं? तो म्हणाला, तेच कळत नाही, आणि चहा प्यायला गेला.

संध्याकाळी सूनबाई जेवणाचा डबा घेऊन आली. मी भिंतीकडे तोंड केलं. तिने डबा ठेवला, माझ्या पायांची नखं कापली आणि गेली. भिंतीकडे तोंड असताना पाय ओढून घेता येत नाहीत, ह्याचा तिने फायदा घेतला.

१३ तारीख, गुरुवार

डोकं फुटतंय. उजेड सहन होत नाही. करकरने खिडकीला चादर लावून दिली. न सांगता. काहीतरी हवं असेल तिला.

१४ तारीख, शुक्रवार

डॉक्टरीणबाई आज उभ्यानेच बोलली. ताप नाही, पण रक्तातली बुरशी वाढतेय. असं व्हायला नको. ताप नाही म्हणजे शरीर लढत तरी नाही, किंवा त्याला कुणी लढू देत नाही. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघायचंय, डोक्यात पोचली का ते. तिने पुन्हा विचारलं, आजी, नीट आठवा, काही गोळी, पुडी, काढा, चूर्ण?

मी म्हटलं, बाई, एकदा सांगितलं ना.

सांध्याची गोळी औषधात मोजायची का? कुलपात तेल घालतात त्याला कुणी औषध म्हणतं? ती खाल्ली की बोटं मिटतात, गुडघा वळतो, जिना चढता येतो. औषधवाला चिठ्ठीबिठ्ठी मागत नाही. जुनं गिऱ्हाईक. ती नसेल तर मी चाळणी धरू शकत नाही. चाळणी धरली नाही तर मग मी सुनेच्या घरात बसून खाणारी म्हातारी.

तरी ती बाई गेल्यावर पिशवी उशीखाली सरकवली. का, ते मला सांगता येणार नाही.

१५ तारीख, शनिवार

सूनबाई भेटीच्या वेळेआधीच आली. करकरशी काय बोलून आत शिरली कोण जाणे. चप्पलसुद्धा दाराशी नीट काढली नाही. हातात ढाबळीतला दाण्याचा डबा. झाकण उघडून माझ्यासमोर पांघरुणावर उपडा केला. दाणे नव्हते. गोळ्यांची रिकामी पाकिटं. मी ती तिथे टाकायचे, कारण खालच्या केराच्या डब्यात हिचं लक्ष असतं.

"आई, ह्या कसल्या?"

"सांध्याच्या."

"रोज?"

"दुखतं तेव्हा."

"दुखतं कधीपासून?"

"तू घरात आलीस तेव्हापासून."

तिने पाकीट उलटं करून त्यावरचं नाव वाचलं. ती काही शिकलेली डॉक्टर नाही, एका कचेरीत टंकलेखन करते, पण तिचा चेहरा असा झाला की मी पिशवी उशीखाली आणखी आत ढकलली. पाकिटं गोळा केली, एकही खाली पडू दिलं नाही, आणि सरळ डॉक्टरीणबाईकडे गेली.

मी मागून ओरडले, "चहाडखोर."

ती दारात थांबली. वळली नाही. "हो," म्हणाली, आणि गेली.

१६ तारीख, रविवार

रविवारी डॉक्टर येत नाहीत म्हणे. डॉक्टरीणबाई आली.

मी तिला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढवला नाही, त्याने जास्त वाईट वाटलं. म्हणाली, आजी, ह्या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, अंगातली सूज उतरवतात, ताप उतरवतात, म्हणून बरं वाटतं. पण त्या हे करतात ते पहारेकऱ्यांना गुंगी देऊन. बुरशीचं तापाचं प्रथिन समोर नाचत असलं तरी ओळखणारं कुणी जागं नाही. आम्ही बाहेरून औषध ओततोय, आणि तुम्ही आतून दार उघडून ठेवताय. लोकांच्या अंगात ही बुरशी शिरूनही आवरली जाते, तुमच्या अंगात का नाही आवरली, ते मी गेला आठवडाभर शोधतेय.

मी म्हटलं, मग आजपासून बंद.

एकदम बंद केलं तर त्यानेच जाल, ती म्हणाली. वर्षानुवर्षं घेतल्यात. अंगाला स्वतःचं काही बनवायची सवय राहिलेली नाही. मी मोजून देईन, कमी कमी करत आणीन. पण तुमच्याकडची एकही वरून घ्यायची नाही. सांधे आखडतील, बोटं आखडतील. दुखणं कमी करायला दुसरं काही देऊ, पण पहिल्यासारखी बोटं राहतील असं मी सांगणार नाही.

आणि मी माझ्या सोडल्या नाहीत तर?

मणक्याची सुई परवा, एवढंच म्हणाली. बोलक्या बाईचं असं तुटक बोलणं मला आवडत नाही.

१८ तारीख, मंगळवार

मणक्यात सुई घातली. ते कसं होतं ते लिहीत नाही. डोक्यात पोचायला सुरुवात झाली आहे.

चिरंजीव आला आणि रडला. ह्या वयात. मी म्हटलं, जा, चहा पिऊन ये.

सूनबाई मागे थांबली. उशीकडे बघून म्हणाली, "उरलेल्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. मी काढून घेणार नाही."

"का? शनिवारी तर मोठी धावलीस."

"शनिवारी तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे."

म्हणजे तिने सगळं माझ्या गळ्यात टाकलं. घेतल्या तर मी मरणार आणि लोक म्हणणार, म्हातारीनेच करून घेतलं. सून सुटली. नाही घेतल्या तर जगणार, पण हात लाकडाचे. चाळणी नाही, पोतं नाही, जिना नाही. पाण्याचा पेला कुणीतरी तोंडाला लावायचा, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे उघड आहे.

हिने असा पेच शोधून आणलाय की दोन्हीकडून तिचंच.

१९ तारीख, बुधवार

सकाळी गुडघ्यांनी झोप मोडली. गोळी हातात घेऊन बसले होते. पाण्याचा पेला समोर. बराच वेळ.

विचार केला, मी गेले तर ही बाई चार लोकांत रडेल, आणि खरंच रडेल, मी ओळखते तिला. मग सगळे म्हणतील, सासूवर किती जीव होता. हे मला सहन होण्यासारखं नाही.

करकरला हाक मारली आणि पिशवी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, ह्यात आणखी काही आहे का आजी? म्हटलं, आहे, माझी अक्कल, तेवढी परत कर. पाठ फिरवून ती माझ्या खाटेचा पत्रा पुसत बसली, जो स्वच्छ होता.

२४ तारीख, सोमवार

ताप आला. खरा, भट्टीसारखा. मला वाटलं झालं. डॉक्टरीणबाई मात्र आकडा बघून मान डोलावत होती. म्हणाली, हा तुमचा आहे आजी, येऊ दे थोडा. अशी डॉक्टर. बुरशीलाही ताप, मलाही ताप. दोघी एकाच खाटेवर, बघू कोण आधी उठतं.

बोटं खिळ्यांनी ठोकल्यासारखी. एवढं लिहायला जेवणाची वेळ टळली. डबा समोर आहे. उघडता येत नाही. मागणार नाही.

२७ तारीख, गुरुवार

डबा सूनबाईनेच उघडला. पेन पडतं. पुरे.

९ तारीख, बुधवार

घरी आणलं. आज जे लिहितेय ते मी लिहीत नाहीये. माझी बोटं लाकडासारखी झाली आहेत, त्यांत पेन राहत नाही. चिरंजिवाला लिहायला बसवलं होतं, तो माझी वाक्यं सुधारतो. करकरला सांगितलं असतं, पण ती इस्पितळातच राहिली. राहता राहिली ही सूनबाई.

मी म्हटलं, मी जे सांगेन तेच लिहायचं. स्वतःचं घालायचं नाही, माझं गाळायचं नाही. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, हे "बरं"सुद्धा लिही. तिने लिहिलं.

तर. डॉक्टरीणबाईने निघताना सांगितलं की पाठीच्या पाण्यात आता बुरशी उगवत नाही. रक्तात तापाच्या प्रथिनाची ओळख दिसायला लागली आहे, आधी नव्हती तितकी. कुत्रं जागं झालं म्हणाली. त्यानेच बरी झाले की औषधाने, की गोळ्या सुटल्या म्हणून, की सगळ्यानेच, हे एका म्हातारीवरून ठरत नाही. माझ्या रक्ताची बाटली त्यांच्या तपासणीसाठी ठेवायची परवानगी मागितली. मी अंगठा दिला. सही येते मला, पण पेन धरता आलं नाही. नळीचं संपलं, बुरशीच्या गोळ्या अजून पुष्कळ दिवस घ्यायच्या आहेत. त्या ही देते. मी तोंड उघडेपर्यंत समोर उभी राहते, गिळेपर्यंत हलत नाही. तुरुंगातही एवढा पहारा नसेल.

ढाबळ पाडली. गच्चीवर कपडे वाळत घातलेत. मी म्हटलं होतं ना. त्यांत निम्मे माझे आहेत, ते ती आत्ता मध्येच बोलली, मी ते लिहायला सांगितलं नव्हतं, पण लिहिलंय तर राहू दे.

खोलीला चुना लावलाय, त्याच्या वासाने डोकं उठतं. गादी नवी आहे, कडक आहे. पेला तिनेच तोंडाला लावावा लागतो, आणि ती तो जरा जास्त तिरका धरते, सगळं हनुवटीवर येतं. वेणी घट्ट घालते. चालताना पाय आपटते. डबा माझ्या गच्चीवरून चोरला, माझी पाकिटं चोरली, परक्या डॉक्टरिणीपुढे माझी अब्रू काढली. हे सगळं मी विसरणार नाही म्हणून लिहून ठेवतेय. सून दुष्ट आहे.

इथे ती थांबली. मी म्हटलं, का थांबलीस, हात दुखला?

"नाही," ती म्हणाली. "दुष्ट एकदाच लिहायचं की खाली रेघ ओढायची?"

"ओढ."

तिने पट्टी आणून ओढली. मी म्हटलं, आता वाच. तिने पहिल्यापासून वाचून दाखवलं. कान लावून ऐकलं. माझा एक शब्द तिने बदलला नव्हता, एकही गाळला नव्हता, आवाजही वाकडा केला नव्हता. पेला तिरका धरते, तेसुद्धा स्पष्ट वाचलं.

अजून काही आहे का, तिने विचारलं. भांडी पडली आहेत म्हणाली.

मी म्हटलं, भांडी कुठे पळून जात नाहीत. तुझ्या माहेरच्यांबद्दल तर मी अजून तोंडही उघडलेलं नाही.

तिने पान उलटलं.